चार नंबरवर बसणारे सर

मंगळवार, दुपार

प्रिय खारे,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील, म्हणून आधीच सांगतो, मी धडधाकट आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला आता तेवढंच काम उरलं आहे. पत्र लिहितोय कारण फोनवर मला धड बोलता येत नाही. तू विचारतेस, "बाबा, जेवलात का?" मी म्हणतो, "जेवलो." मग तू विचारतेस, "काय जेवलात?" आणि तिथे माझी गाडी अडते ती अडतेच. कागद बरा. तो मध्येच प्रश्न विचारत नाही.

पहिली बातमी म्हणजे, दुकान अखेर दिलं. एका चष्मेवाल्याला दिलं. माणूस नीटनेटका आहे, बोलताना सारखा आपलाच चष्मा पुसत असतो. ज्या भिंतीला आपले सहा कॉम्प्युटर होते तिथे तो आरसे लावणार आहे. गेले चार दिवस आवराआवर चालली होती. टायपिंग क्लासच्या वेळच्या रिबिनी निघाल्या, वाळून कोळ झालेल्या. उंदरांनी खाल्लेले तीन माऊस निघाले, यावर तू लहान असतीस तर आठवडाभर हसली असतीस. आणि कपाटामागून तुझा फळा निघाला. "आजचं नवल" ही तुझी पिवळ्या रंगातली अक्षरं अजून शाबूत आहेत. "नवल"मधला ल तू उलटा काढला होतास आणि मी सरळ करू दिला नव्हता, म्हटलं, राहू दे, तेही एक नवलच.

तो फळा हातात घेऊन खुर्चीत बसलो आणि मग उठवेना. तुला आठवतं, टायपिंगची बारा मशीन्स विकून मी कॉम्प्युटर आणले तेव्हा तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. तिचं म्हणणं, टकटक ऐकू आली की कळतं तरी माणसं काम करताहेत, ही सगळी नुसती काचेकडे बघत बसणार. तू दहा वर्षांची होतीस. मोडेम जोडला जायचा तेव्हा होणारा आवाज तू हुबेहूब काढायचीस, आधी शिट्टी, मग खाकरणं, मग पत्र्यावर कुणी वाळू ओतल्यासारखी खरखर. गिऱ्हाईक आत आलं की तू तोंडानेच तो आवाज काढून "जोडलं" म्हणायचीस, आणि बिचारी माणसं पडद्याकडे बघत बसायची. आपला पोस्टमन पहिल्या आठवड्यात दारात उभा राहिला आणि म्हणाला, "हेच का ते, माझ्या पोटावर पाय आणणारं?" महिन्याभरात त्याने स्वतःचं ई-मेल खातं उघडून घेतलं, आणि कुणाचंच पत्र येत नाही म्हणून रोज माझ्यावर रुसायचा.

आणि ते कॉफीचं भांडं. कुठल्याशा दूरच्या विद्यापीठात कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला होता, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या लोकांना उगाच खाली फेरी पडू नये. ते भांडं भरलंय की रिकामं हे सगळ्या जगाला दिसायचं. आपण दोघं शाळा सुटल्यावर ते बघायचो. चित्र उघडायला पाच मिनिटं, आणि उघडलं की काय, तर करडं भांडं. तू ओरडायचीस, "भरलं." एखाद्या परक्या माणसाच्या कॉफीचा इतका आनंद मी पुन्हा कुणाला झालेला पाहिला नाही. पुढे तो कॅमेरा बंद झाला त्या दिवशी तू जेवताना विचारलंस, की आता त्या लोकांना कसं कळणार. आईने सांगितलं, "जिना उतरून बघतील की." तुला ते पटलं नव्हतं.

फळ्याची कल्पना मात्र पूर्ण तुझी. रोज एक चमत्कारिक खरी गोष्ट शोधायची आणि दाराबाहेर लिहायची. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. वॉम्बॅट नावाच्या प्राण्याची लेंडी चौकोनी ठोकळ्यासारखी असते, त्या दिवशी तर शाळेतली पोरं फळ्यापुढून हलेनात. शुक्रावरचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो हे तू लिहिलंस तेव्हा समोरचा न्हावी कात्री हातात घेऊनच आला आणि तुझ्याशी अर्धा तास भांडला. "म्हणजे एक दिवस पुरा व्हायच्या आत माणसाचा वाढदिवस येऊन जाणार?" तू म्हणालीस, "हो, तसंच." तो परत गेला तेव्हा त्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने वाट बघत होतं.

सरही त्या फळ्यामुळेच आले. तू लिहिलं होतंस की काच हा खरं तर फार हळू वाहणारा द्रव आहे, म्हणून जुन्या खिडक्यांच्या काचा खाली जाड असतात. एक उंच, किंचित वाकलेला माणूस आत आला. शर्टाच्या खिशाखाली निळा डाग, मोरचुदाचा, हे नंतर कळलं. त्याने हळूच विचारलं, "फळा कोण लिहितं?" मी तुझ्याकडे बोट दाखवलं. तो तुझ्यापुढे जवळजवळ गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "बाई, काच वाहत नाही हो. जुन्या काळी काच एकसारखी बनतच नसे, आणि जाड बाजू लोक खाली बसवत." तुझा चेहरा लालबुंद झाला. मग ते म्हणाले, "चूक तुझी नाही, मीही दहा वर्षं वर्गात हेच शिकवलं. नवल वाटलं की दोन ठिकाणी तपासायचं, एवढंच." दुसऱ्या दिवशी फळ्यावर तू लिहिलंस, "कालचं नवल चुकलं." तो फळा बघून ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्या दिवसापासून शाळा सुटली की चार ते पाच ते आपल्याकडे, चार नंबरवर. तिथल्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. दुसरी खुर्ची देऊ केली तर म्हणायचे, "नको, या डुगडुगीने झोप लागत नाही."

पोरांसाठी त्यांनी स्वतःचं पान काढलं होतं. साबणाचा फुगा गोलच का, लोखंड गंजतं मग सोनं का नाही. खाली नाव लिहायचे नाहीत. म्हणायचे, नाव लिहिलं की पोरं अभ्यास समजून वाचत नाहीत. त्या वर्षांत खारे, काहीही उघडायचं. जगातलं कुठलंही दार लोटलं की आत. आपल्याला वाटायचं हे असंच राहणार. मग एक दिवस कागद आला की प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, कितव्या नंबरवर बसला, कधी आला, कधी गेला, हे वहीत लिहून घ्यायचं. मी जाड वही आणली. रकाने तू पट्टीने आखलेस. लोकांनी थट्टाच केली, न्हावी स्वतःचं नाव "सम्राट" लिहायचा. फक्त सर पूर्ण नाव लिहायचे, पत्त्यासकट, मिनिटांसकट, सुवाच्य.

आणि मग तो फेस. तू तेव्हा सतरा वर्षांची झाली होतीस. रंगाच्या कारखान्याखालचा नाला उन्हाळ्यात फेसाने भरून रस्त्यावर आला. पेपरवाल्यांनी शेवटच्या पानावर, दोन डोक्यांच्या वासराच्या बाजूला, चौकटीत फोटो छापला, "भर उन्हात बर्फ!" फेसात उड्या मारणारी पोरं. तू ते कात्रण फळ्यावर चिकटवलंस. सर चार वाजता आले, कात्रण वाचलं आणि म्हणाले, "हे नवल नाही, खारे. हे कुणीतरी केलेलं आहे." पुढच्या आठवड्यात त्यांनी वर्गातल्या मुलांना घेऊन नाल्याचं पाणी बाटल्यांत भरलं, तपासलं, आणि आपल्या पानावर लिहिलं. शिव्या नाहीत, आरोळ्या नाहीत. पाण्यात काय सापडलं, किती सापडलं, आणि तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर कसं तपासा. बस. लोक आपल्याकडे येऊन ते छापून न्यायला लागले. आपला प्रिंटर तापून बंद पडायचा.

एका दुपारी ते पान उघडेना. नुसतं पांढरं, आणि मधोमध एक ओळ, की हे पान उपलब्ध नाही. मी वेड्यासारखा तीनदा मोडेम बंद-चालू केला. सर म्हणाले, "राहू द्या हो, तुमचं मशीन ठणठणीत आहे. दार पलीकडून लावलंय." त्यांनी दुसरीकडे तेच पान काढलं. आठ दिवसांत तेही गेलं. मग तू ते छापून फळ्यावर लावलंस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद तिथे नव्हता. मी तुला सांगितलं, वाऱ्याने उडाला असेल. त्या दिवशी वारा नव्हता, खारे. मीच काढला होता.

पुढचा गुरुवार तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. मी दुकानात नव्हतो, काउंटरवर तू होतीस. आकाशी शर्टातला एक माणूस आला, गोड बोलला, फळा वाचला, त्या दिवसाच्या नवलावर हसलासुद्धा. मग म्हणाला, "हे सगळं तुला ते सर शिकवतात ना? कुठे बसतात ते?" आणि तू अभिमानाने बोट दाखवून म्हणालीस, "चार नंबर. रोज चार ते पाच." शनिवारी सरांना शाळेतून, वर्ग चालू असताना नेलं. त्याच दुपारी चार नंबरचा कॉम्प्युटर नेला. खुर्ची तेवढी ठेवली. अकरा दिवसांनी ते सुटले, पण शाळेने त्यांना परत घेतलं नाही, आणि महिन्याभरात ते घर सोडून गेले.

तू जेवेनाशी झालीस. फळा उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलास. "बाबा, मी सांगितलं त्याला. मीच सांगितलं." तुझी आई तुला कुशीत घेऊन बसायची, आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचो, "तू लहान आहेस, तुला काय ठाऊक, तुझी चूक नाही." हे वाक्य मी किती वेळा म्हणालो असेन. आज ते मला नीट ऐकू येतं. तुझी चूक नाही, असं मी म्हणत होतो. तुझ्यामुळे झालं नाही, असं एकदाही म्हणालो नाही.

तू वकील झालीस. बंद केलेली पानं उघडून घेणारी वकील, असं पेपरात आलं तेव्हा न्हाव्याने ते आरशाला चिकटवलं, अजून आहे. तुझी भाषणं मी फोनवर बघतो, एकही चुकवत नाही. प्रत्येक भाषणात ते एक वाक्य येतं, "मी सतरा वर्षांची असताना एका माणसाकडे बोट दाखवलं होतं." मी तिथे दर वेळी आवाज कमी करतो. एकोणीस वर्षं मी आवाज कमी करत आलो आहे.

आता ऐक. त्या गुरुवारच्या आदल्या सोमवारी, वहीचा तो कागद जिथून आला होता त्या कचेरीत मला बोलावलं होतं. मारलं नाही, धमकावलं नाही. बाकावर तासभर बसवलं, मग आत चहा दिला. साहेब म्हणाले, "वही आणलीत ना?" मी आणली होती. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, "यात तर चाळीस नावं आहेत. आम्ही कुठे शोधत बसणार? तुमच्या परवान्याची तारीख जवळ आली आहे, तेही काम आमच्याकडेच येतं." एवढंच. पान कोण लिहितं हे मला माहीत होतं, कारण सरांनी स्वतः मला सांगून ठेवलं होतं. पान कधी बंद पडलं तर एक प्रत असावी म्हणून त्यांनी सगळं छापून माझ्याकडेच दिलं होतं, इतका त्यांचा माझ्यावर भरवसा. साहेबांनी पेन पुढे केलं आणि मी सरांच्या नावाभोवती गोल केला. हात थरथरला असं लिहायला बरं वाटलं असतं. थरथरला नाही. छान गोल आला.

स्वतःला मी बरीच वर्षं सांगत आलो की आईच्या आजारपणामुळे दुकान घालवणं परवडणार नव्हतं. पण तिचं दुखणं त्यानंतर सहा वर्षांनी सुरू झालं. तेव्हा ती ठणठणीत होती. मी घाबरलो होतो, त्याला दुसरं नाव नाही. तिलाही हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. गुरुवारी कुणीतरी मशीन बघायला येणार हे मला साहेबांनी सांगितलं होतं, म्हणूनच मी केबल आणायच्या नावाखाली बाहेर पडलो आणि तुला काउंटरवर बसवून गेलो. त्या माणसाला सगळं आधीच ठाऊक होतं. तू बोट दाखवलं नसतंस तरी शनिवारी तेच झालं असतं.

परवा रविवारी तू फोनवर म्हणालीस, "बाबा, सर सापडले. येत्या रविवारी जाणार आहे त्यांच्याकडे, पाया पडून माफी मागणार आहे." मी "बरं" म्हणालो आणि तुला वाटलं मला सर्दी झाली. म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते कुरियरने, शुक्रवारच्या आत पोचेल अशा बेताने. कारण अजून एक गोष्ट आहे, आणि ती सगळ्यांत वाईट आहे. घर सोडायच्या दिवशी सर दुकानात आले होते, तू कॉलेजात होतीस. आपली ती छापील प्रत मागायला आले होते. मी दिली. ती पिशवीत घालून त्यांनी माझ्याकडे बघितलं. चौकशीत त्यांच्यापुढे वही ठेवली असणार, गोलासकट, आणि तो गोल कुणी काढला हे त्यांना समजायला कुणी सांगावं लागलं नसणार. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी विचारलं, "खार कुठे आहे?" मी सांगितलं की ती जेवत नाही, तुमचा नंबर त्या माणसाला तिने सांगितला म्हणून स्वतःला दोष देत बसली आहे. ते एकदम खुर्चीवर बसले. म्हणाले, "अहो, त्याचा तिच्याशी काही संबंध नाही. ते तुम्हालाही माहीत आहे. तिला आजच सांगा. माझ्यासाठी एवढं करा, बाकी मी काही मागत नाही." मी म्हणालो, "सांगतो." रविवारी तू जा, अवश्य जा, पण माफी मागायला नको, ती तुझ्याकडे कुणाचीच बाकी नाही. त्यांना भेट, आणि सांग, की तुमचा निरोप मिळाला, बाबांनी एकोणीस वर्षं लावली. नंतर मला फोन करायचा की नाही, ते तू ठरव. मी घरीच आहे.

तरीही तुझाच,
बाबा